परक्या गावातला रामराम



गेल्या आषाढीच्या सुमारास मी गावाकडच्या भजनी मंडळातल्या बायकांना एक लांबलचक पत्र लिहिले होते. त्यात लिहिले होते, की मी अमेरिकेत आले आहे असे वाटतच नाही, वारीत आल्यासारखे वाटते. पत्र मंडळात वाचून दाखवले गेले. बायकांना ते फार आवडले. त्या पत्राविषयीच आज तुमच्याशी बोलायचे आहे, कारण ते खोटे नव्हते, पण पुरे खरेही नव्हते.

माझी मुलगी डॉक्टर. तिचे पुढचे शिक्षण शिकागोत झाले. बाहेरदेशाहून अशा शिक्षणासाठी आलेल्या डॉक्टरांना बहुधा नंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. पण डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम केले, तर ती अट माफ होऊ शकते. म्हणून ती दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातल्या एका खेड्यात आली आणि तिच्यामागे मी. शिकागोत ती सतराव्या मजल्यावर राहायची. मी सहा-सहा महिने तिच्याकडे राहून यायचे, पण शेजारच्या दारामागे कोण राहते ते मला कधी कळले नाही. लिफ्टमध्ये माणसे आकड्यांकडे बघत उभी असत.

इथे सगळेच उलटे. रस्त्याने समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून रामराम करतो, ओळख असो नसो. मी पायी निघाले की गाडी थांबवून विचारतात, "कुठे सोडू का, मॅम?" पहिल्याच आठवड्यात समोरच्या घरातून ताज्या भेंड्यांची परडी आली. या मुलखाला ब्लॅक बेल्ट, म्हणजे काळा पट्टा म्हणतात. मातीच्या रंगावरून पडलेले नाव. मी सोलापूर जिल्ह्यातली. काळी माती आणि भेंडी बघून माझे डोळे भरून आले, हे लपवत नाही.

आणि मग ती अंत्ययात्रा. समोरून दिवे लावलेल्या गाड्यांची रांग आली. मुलीने आमची गाडी कडेला घेतली. आमच्या पुढची, मागची, सगळी वाहने थांबली. एक ट्रकवाला खाली उतरला आणि टोपी काढून छातीशी धरून उभा राहिला. मुलगी म्हणाली, "आई, इकडे अशीच रीत आहे. गेलेले माणसू कोण, ते कोणी विचारत नाही." त्या रात्रीच मी ते पत्र लिहिले.

भेंड्या पाठवणाऱ्या शेजारीण ऐंशीच्या घरातल्या, काळ्या वर्णाच्या. मनातल्या मनात मी त्यांना ताईच म्हणते. माझे इंग्रजी शाळेपुरते, त्यांचे बोलणे सावकाश, त्यामुळे आमचे जमते. एकदा त्या अंत्ययात्रेचे मी त्यांच्याजवळ कौतुक केले. त्या म्हणाल्या, "हो, आमच्यात ते आहे. माझे वडील आयुष्यभर थांबत आले." मी विचारले, "आणि ते गेले तेव्हा?" थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "काही जण थांबले."

मग त्यांनी मला गावातली दोन दफनभूमी दाखवली. एक गोऱ्यांची, रस्त्यालगत, कापलेल्या गवताची. दुसरी त्यांच्या लोकांची, झाडीमागे. मेल्यावरही वाटा वेगळ्या. आज कोणी कोणाला अडवत नाही, पण जो तो आपल्या माणसांशेजारी जातो. रविवारचेही तेच. सकाळी अकराला दोन चर्चमध्ये त्याच देवाची गाणी दोन ठिकाणी चाललेली असतात. ही अकराची वेळ देशातल्या सर्वांत विभागलेल्या वेळांपैकी एक आहे, असे मार्टिन ल्यूथर किंग सांगत असत. मला मात्र दोन्हीकडून आमंत्रण आहे! मी पाहुणी ना.

इथून तासाभरावर सेल्मा नावाचे गाव आहे. मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या लोकांना तिथल्या पुलावर ७ मार्च १९६५ रोजी पोलिसांनी लाठ्यांनी मारले. त्याच महिन्यात लोक पुन्हा निघाले आणि सेल्माहून मॉन्टगोमेरीपर्यंत सुमारे ८७ किलोमीटर पायी गेले. ताई तेव्हा विशीच्या. त्या गेल्या नाहीत. आई एका गोऱ्या घरी स्वयंपाकाला होती, तिचे काम सुटले असते. "त्या बाईसाहेब आमच्याशी फार गोड बोलायच्या," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मलाच पुढे काय बोलावे ते सुचेना. भेंडीसुद्धा या देशात आली ती गुलाम करून आणलेल्या आफ्रिकेतल्या माणसांमागून, हे मला नंतर समजले. या काळ्या मातीतला कापूस त्यांनीच वेचला.

माउली, इथवर वाचून तुम्ही म्हणाल, परक्यांचे काय हे ढोंग! मीही दोन दिवस तसेच म्हणत होते. तिसऱ्या दिवशी मला आमच्या घरातला कोनाडा आठवला.

माझे वडील माळकरी. एकादशी चुकली नाही, वारी चुकली नाही. लहानपणी त्यांच्याबरोबर मी पंढरीला गेले होते. चंद्रभागेच्या वाळवंटात आमच्याच गावातले, गावकुसाबाहेर राहणारे एक टाळकरी भेटले. वडिलांनी त्यांचे पाय धरले, त्यांनी वडिलांचे. दोघे एकमेकांना माउली म्हणाले. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. आणि तेच टाळकरी घरी आले की पायरीच्या खाली बसत, त्यांना चहा मिळे तो बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपात. चहा पिऊन झाला की कप ते स्वतः विसळून ठेवत. हेही मी पाहिले आहे. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर पायरीशीच आहे. पंढरीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. आमच्या घरातला कप त्यानंतरचा, साठीच्या दशकातला.

मग वाळवंटातला तो नमस्कार खोटा होता काय? पुष्कळ दिवस हे मनात घोळवते आहे. वडिलांना मी ओळखते. त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. ढोंग करणारा माणूस नव्हता तो. नमस्कार खरा होता आणि कपही खरा होता, आणि दोन्ही एकाच माणसाच्या हातचे होते. नमस्काराला वाळवंटात काही मोल पडत नव्हते. कप बदलायचा तर भावकी, लग्नकार्ये, गावातला मान, सगळे पणाला लागले असते. ट्रकवाल्याची टोपीही मला आता तशीच दिसते. ती मी खोटी म्हणणार नाही. पण त्याच वेळी असे वाटते, की वडिलांनी तो नमस्कार केलाच नसता, तर आज मला त्या कपाची लाज वाटली नसती. ते मला तेव्हा घरातल्या इतर भांड्यांसारखे एक भांडे होते. नमस्कारानेच त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, तीही इतक्या उशिरा, इतक्या लांब.

इथली माणसे चांगली आहेत का, असे मंडळातल्या बायका अजून विचारतात. माझ्याशी चांगली आहेत, एवढेच मी लिहिते. पाहुणीशी चांगले वागणे सोपे असते. पाहुणी जमीन मागत नाही, शाळेत जागा मागत नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब मागत नाही.

परवा ताईंच्या ओसरीवर बसून मी त्यांना कपाची गोष्ट सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. सांगून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "तो कप आता कुठे आहे?"

मला माहीत नव्हते. वडील गेल्यावर घर भावाने पाडून नवे बांधले. कोनाडा गेला असणार. कप कोणी फोडला, की कुठल्या बोचक्यात बांधून माळ्यावर टाकला? मी भावाला पत्र घातले आहे. अजून उत्तर आलेले नाही.