डावखुऱ्यासमोरचा जगज्जेता

सप्टेंबर २०२१मध्ये अँथनी जोशुआ आणि ओलेक्झांडर उसिक लंडनमध्ये भिडणार होते, तेव्हा जोशुआची बाजू घेणाऱ्यांकडे भक्कम मुद्दे होते. हेवीवेट जगज्जेता जोशुआ उंचीने तीन इंच जास्त, वजनाने आठ किलोंहून अधिक. उसिक खालच्या वजनगटातून वर आलेला. तो डावखुरा आहे, या मुद्द्यावरही उत्तर तयार होतं. चार्ल्स मार्टिन डावखुराच होता आणि २०१६मध्ये जोशुआने त्याला दुसऱ्याच राउंडमध्ये उजव्या हाताने झोपवून पहिला जागतिक किताब मिळवला होता. तरीही बारा राउंडनंतर तिन्ही पंचांनी कौल दिला तो उसिकला.

अशा चर्चांमध्ये डावखुरेपणाला एखादी अंगभूत शक्ती मानलं जातं. माझ्या मते तो अनुभवाच्या विषमतेचा प्रश्न आहे. डावखुरी माणसं साधारण दहात एक. त्यामुळे डावखुरा बॉक्सर पहिल्या दिवसापासून उजव्यांशीच सराव करत वाढतो. उजव्याच्या वाट्याला मात्र डावखुरा क्वचितच येतो. लढत ठरली की तो सरावासाठी डावखुरे जोडीदार बोलावतो, पण वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं काही आठवड्यांत कसं बदलणार?

ही विषमता सगळ्यात स्पष्ट दिसते ती पायांत. उजव्या बॉक्सरचा डावा पाय आणि डावा हात पुढे असतो, डावखुऱ्याचा उजवा. समोरासमोर आले की पुढचे पाय एकमेकांच्या आड येतात, पुढचे हात एकमेकांवर आदळतात. ज्या जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशावर, उजव्याचा सगळा खेळ उभा, तोच अडतो. उलट दोघांच्याही मागच्या हाताला सरळ वाट मिळते. मग झगडा सुरू होतो वीतभर जागेसाठी. ज्याचा पुढचा पाय प्रतिस्पर्ध्याच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला पडतो, त्याचा मागचा हात हनुवटीच्या रेषेत येतो. अडचण दोघांची सारखीच आहे, पण एकाची ती रोजची आणि दुसऱ्याची नवी. मार्टिन या जागेसाठी फारसा हललाच नाही. उसिकचे पाय शेवटपर्यंत थांबले नाहीत.

पण ती मोकळी वाट डावखुऱ्याच्याही मुळावर येऊ शकते. एप्रिल १९९४मध्ये मायकल मूररने इव्हँडर होलीफिल्डला हरवलं आणि हेवीवेटचा पहिला डावखुरा जगज्जेता झाला. नोव्हेंबरमध्ये ४५ वर्षांचा जॉर्ज फोरमन त्याच्यासमोर गुणांवर मागे पडत गेला, पण दहाव्या राउंडमध्ये त्याच्या सरळ उजव्या हाताने मूरर आडवा झाला. २०१५मध्ये फ्लॉइड मेवेदरनेही डावखुऱ्या मॅनी पॅकियाओविरुद्ध अनेकदा जॅबची वाट न पाहता थेट उजवा हात चालवला आणि निर्विवाद जिंकला.

विजेतेपद म्हणजे परिपूर्ण कौशल्य, असं आपण धरून चालतो. त्यातला मोठा भाग सवयीचा असतो आणि ती सवय बहुसंख्यांशी खेळून जडलेली असते. ज्याची रीत वेगळी, त्याला इतरांची रीत शिकल्याशिवाय गत्यंतर नसतं. ज्याची रीत चारचौघांची, त्याला दुसऱ्याची शिकण्याची गरजच पडत नाही आणि आपली रीत हाच निसर्गनियम, असं त्याला वाटू लागतं. रिंगणाबाहेरही बहुमताचं हेच अज्ञान असतं. रिंगणात फक्त त्याची किंमत तिथल्या तिथे मोजावी लागते.

ऑगस्ट २०२२मध्ये जेद्दामध्ये जोशुआ पुन्हा उसिकसमोर आला तो बदलून. तो अधिक पुढे सरकला, अंगावर ठोसे मारू लागला, एका पंचाचं मत त्याने मिळवलं. किताब परत आला नाही, तरी त्या पराभवाबद्दल मला आदर वाटतो. म्हणून जगज्जेत्यासमोर डावखुरा आव्हानवीर उभा राहील तेव्हा जगज्जेत्याच्या नॉकआउटांची यादी मला पुरेशी वाटणार नाही. बारा राउंड म्हणजे छत्तीस मिनिटं. तेवढ्या वेळात आपली सवय मोडण्याची तयारी त्याच्यात आहे का, निकाल त्यावर ठरेल.