मीटर बिघडलं की कापूस ओला?

बस खाली. हातातला पाना ठेव, मोबाईल पालथा घाल आणि बाहेर उभ्या असलेल्यांना सांग, आज तासभर गॅरेज बंद. दोन वर्षं मेकॅनिक मोटर व्हेईकलच्या वर्गात मी घसा कोरडा केला, तेव्हा तू खिडकीतून सातपुडा बघत होतास. आज तुझ्याच गॅरेजात, तुझ्याच स्टुलावर बसून तोच धडा पुन्हा घेतो. या वेळी खिडकी नाही.

काल संध्याकाळी पोपटखेडकडचे एक काका माझ्या दारात आले. हातात तुझी दोन बिलं. म्हणाले, "सर, तुमच्या पोट्ट्यानं दोन खेपा पैसे घेतले, पन तो पिवळा दिवा काई इझत नाई." बिलं वाचली आणि मान खाली गेली. माझी. पहिल्या बिलावर मागचा ऑक्सिजन सेन्सर. पंधरा दिवसांनी दुसरं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बत्तीस हजार रुपये. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. हिशेब कर. चार क्विंटल कापूस तू त्या माणसाच्या गाडीखाली टांगलास, आणि डॅशबोर्डवरचा दिवा तसाच.

काय तपासलंस? सांग ना. स्कॅनर लावला, पी०४२० आला, मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात कोणीतरी म्हणालं सेन्सर बदला, तू बदललास. कोड पुसला, दिवा विझला, तुला वाटलं जमलं. अरे, कोड पुसल्यावर दिवा विझणारच! गाडीचा संगणक कन्व्हर्टरची परीक्षा रोज उठून घेत नाही. इंजिन नीट तापावं लागतं, एका वेगाने काही वेळ चालावं लागतं, आणि बहुतेक गाड्यांत दोन फेऱ्यांत नापास झाल्यावरच दिवा लागतो. त्या मधल्या चार-आठ दिवसांच्या अंधाराला तू दुरुस्ती समजलास आणि पैसे घेतलेस.

पी०४२० चा अर्थ पुन्हा एकदा कानात घाल. कन्व्हर्टरचं काम ठरलेल्या हद्दीच्या खाली गेल्यासारखं दिसतंय. 'दिसतंय.' कन्व्हर्टर बदला असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. सेन्सर बदला असंही नाही.

तुझे वडील कापूस घेऊन अकोटच्या बाजारात जातात. खरेदी केंद्रावर ग्रेडर ओलावा मोजायचं मीटर कापसात खुपसतो. आठ टक्क्यांपर्यंत पुरा भाव, बारापर्यंत कपात, त्याच्या वर गेलं की गाडी परत. समजा मीटरने चौदा दाखवलं. वडील काय करतात? कापूस नाल्यात ओततात? मीटर फोडतात? ते म्हणतात, "भाऊ, वरतून दहिवर पडलं असन, जरा आतून पाय." चौथी शिकलेल्या माणसाला कळतं की आकडा जास्त यायला तीन कारणं असू शकतात: माल ओला, मीटर बिघडलेलं, किंवा मीटर आणि मालाच्या मध्ये तिसरंच काहीतरी. त्यांच्या पोराकडे सर्टिफिकेट आहे आणि त्याला दोनच कारणं माहीत. तीही त्याने पैसे घेऊन एकेक करून आजमावली.

आता मीटर म्हणजे काय ते ऐक. साध्या झिर्कोनिया सेन्सरच्या आत एक सिरॅमिकचं टोपण असतं. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक, तेवढा व्होल्टेज. धुरात ऑक्सिजन कमी, म्हणजे पेट्रोल जास्त, तर ०.९ व्होल्टच्या आसपास. ऑक्सिजन जास्त, तर ०.१. मधली रेषा ०.४५. हा सेन्सर साधारण तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय तोंड उघडत नाही. आपलं मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन त्याच्या हिशेबात हिवाळा. म्हणून त्याच्या पोटात हीटर दिलेला असतो.

कन्व्हर्टरमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर, सोबत सेरियमचं ऑक्साइड. हे सेरियम ऑक्सिजनची कोठी सांभाळतं. धुरात ऑक्सिजन जास्त आला की साठवतं, कमी पडला की देतं. म्हणून पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ असा सारखा झोके घेत असला, तरी कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर ०.६-०.७ वर शांत बसलेला दिसतो. कोठी रिकामी झाली, म्हणजे कन्व्हर्टर मेला, की पुढचे झोके जसेच्या तसे मागे उमटतात. पी०४२० एवढ्याच निरीक्षणावर उभा आहे. बीएस-६ च्या बऱ्याच गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो, तो असे झोके घेत नाही. तिथे त्याची मागच्याशी नुसती तुलना करत बसू नकोस, इंधनाचा ट्रिमही वाच.

आणि आता तुझी सर्वांत मोठी चूक. मागचा सेन्सर म्हातारा झाला की काय होतं? तो मंद होतो. झोके आले तरी त्याला पकडता येत नाहीत, स्कॅनरवरची रेघ सरळ होते. म्हणजे म्हातारा सेन्सर मेलेल्या कन्व्हर्टरला पास करतो! तो कन्व्हर्टरवर खोटा आळ सहसा घेत नाही. मग नुसता पी०४२० असताना, सेन्सरचा स्वतःचा एकही कोड नसताना, तू पहिल्यांदा सेन्सरच कसा बदललास? कारण तो स्वस्त होता. स्वस्त पार्टपासून सुरुवात करायची आणि महागापर्यंत चढत जायचं, ही पद्धत तुला कोणी शिकवली? मी नाही शिकवली.

सेन्सर बिघडला तर तो स्वतः ओरडतो. हीटर गेला तर पुढच्यासाठी पी०१३५, मागच्यासाठी पी०१४१. पुढचा मंद झाला तर पी०१३३. तो ओरडला तरी आधी वायर बघ. कापूस घरात भरला की उंदीर येतात, आणि उंदराला गाडीची वायर आणि वातीची दोरी सारखीच. फ्यूज बघ, कनेक्टरला बारा व्होल्ट येतात का बघ, हीटरचा रेझिस्टन्स मोज. थंड सेन्सरला तो काही ओहम दाखवतो. मीटरने 'ओपन' दाखवलं, तर हीटर गेला. मग गाडी तापवून सेन्सरची खरी परीक्षा घे. इनटेकला थोडा गॅस दे, रेघ झटक्यात ०.८ च्या वर गेली पाहिजे. एक व्हॅक्यूमची नळी काढ, झटक्यात ०.२ च्या खाली आली पाहिजे. 'झटक्यात' हा शब्द लक्षात ठेव. आरामात चढणारा सेन्सर बाद. दोन्हीकडे चपळ, तर मीटर खरं बोलतंय. या परीक्षेला पाच मिनिटं लागतात आणि एक रुपया लागत नाही.

कन्व्हर्टरची परीक्षा वेगळी. गाडी थंड असताना रबरी हातोडीने हलकेच ठोक. आत खुळखुळलं तर जाळी फुटली. गाडी ओढत नाही, रेस दिली तरी चढावर दम तोडते, तर जाळी तुंबली असेल. पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लाव. आयडलला सव्वा पीएसआयच्या आत आणि इंजिनच्या मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर तीनच्या आत, हे साधारण गणित. त्याच्या वर गेलं तर धूर कोंडतोय. तापमानाची बंदूक तुझ्याकडे आहे. गाडी नीट तापल्यावर कन्व्हर्टरच्या पुढचं आणि मागचं तापमान बघ, पण एकट्या त्यावर निकाल देऊ नकोस. धूर मुळात स्वच्छ असला तर आत जाळायला काही उरत नाही आणि फरकही फारसा पडत नाही. पीयूसीवाल्याकडे जा. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल चारचाकीला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास लॅम्ब्डा मोजतात, तो ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. तो कागद वाचायला शीक. आपल्याकडे पीयूसी म्हणजे काचेला चिकटवायची चिठ्ठी झाली आहे.

समज, कन्व्हर्टर खरोखरच मेला. तरी नवा बसवायला धावू नकोस. तो कोणी मारला? कन्व्हर्टर आपणहून सहसा मरत नाही. गाडी मिस मारत असेल, तर न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन जळतं आणि सिरॅमिक वितळतं. इंजिन ऑइल खात असेल, तर ऑइलमधलं फॉस्फरस आणि जस्त जाळीवर थर चढवतं. कूलंट झिरपत असेल, तर त्यातलं सिलिकेट. जोडाला भसाभस सिलिकॉन फासलंस, तर तूच. जुनी कॉइल तशीच ठेवून नवा कन्व्हर्टर लावणं म्हणजे बोंडअळी तशीच ठेवून पुन्हा सरकी पेरणं.

शिसं हा या जाळीचा सर्वांत जुना वैरी. म्हणून १९९५ च्या एप्रिलमध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा त्याच्यासोबत बिनशिशाचं पेट्रोल आणावं लागलं. शिशाचं पेट्रोल २००० साली देशातूनच गेलं. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं आणि बाजारात उभ्या असलेल्या मोटरसायकलीलाही ऑक्सिजन सेन्सर लागला. म्हणजे हा प्रश्न आता फक्त गाडीवाल्यांचा राहिलेला नाही. दुधाची कॅन लावून येणारा माणूसही उद्या तुझ्याकडे हाच पिवळा दिवा घेऊन येणार. त्यालाही दोन बिलं देशील?

आणि त्या कोपऱ्यातला लोखंडी तुकडा मी मघाशीच पाहिला. सेन्सर धुरापासून लांब धरायचा, म्हणजे दिवा लागत नाही. त्याच्या शेजारी जाळी फोडलेलं एक डबडं. गिऱ्हाईक म्हणतं 'पिकअप वाढला', तू खूश. बाबू, मीटरवर बोट ठेवून कापूस वाळत नाही. ज्या विषारी वायूसाठी ती जाळी आहे, तो आता तुझ्याच गल्लीत सुटतो. हा धंदा आजपासून बंद. मुंबई-पुण्याकडे इको गाड्यांचे सायलेन्सर जाळीसकट रातोरात कापून नेणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्या आहेत. त्या चोरांनासुद्धा त्या जाळीतल्या मातीची किंमत कळते. तुला कळत नाही.

आता काकांच्या गाडीचं ऐक. आज सकाळी गाडी थंड असताना मी सुरू करायला लावली आणि वाकून ऐकलं. कन्व्हर्टर आणि त्याच्या मागच्या पाइपाचा जोड, मागच्या सेन्सरच्या वीतभर अलीकडे. फट, फट, फट. जोडाच्या कडेला काजळीचा पट्टा. वल्लं फडकं घेऊन पाइपाचं टोक थोडं दाबलं, तर फुसफुस वाढली. तिथून धूर बाहेर येतो, आणि धुराच्या दोन ठोक्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या हवेतला ऑक्सिजन मागचा सेन्सर इमानदारीने मोजतो. आयडलला त्याची रेघ नाचत होती, रेस दिली की बरीच ताळ्यावर येत होती. तुझा स्कॅनर हे दाखवतो, पण त्यासाठी कोडच्या पानावरून पुढच्या पानावर जावं लागतं.

दहिवर. मीटर चांगलं, कापूस कोरडा, वर दहिवर. आणि नवा कन्व्हर्टर चढवताना तू तीच जळकी पॅकिंग पुन्हा लावलीस! बत्तीस हजारांच्या पार्टाला शंभर-दोनशे रुपयांची पॅकिंग तुला जड झाली.

काय म्हणतोस? जुना कन्व्हर्टरही खराबच असेल? असू शकतो. पोत्यात गुंडाळून शटरमागे ठेवलाय तो, मी हलवून पाहिला. खुळखुळत नाही, बॅटरी लावली तर जाळी अख्खी दिसते. पण अख्खी म्हणजे जिवंत असं नाही, हे मीच तुम्हाला शिकवलंय. तेव्हा अंदाज मीही करणार नाही. नवी पॅकिंग आण. काकांचा जुना कन्व्हर्टर परत चढव, गाडी तापव, अडीच हजार फेऱ्यांवर दोन मिनिटं धर आणि दोन्ही रेघा माझ्यासमोर लाव. मागची सरळ राहिली, तर तो निर्दोष होता. मग नव्याचे सगळे पैसे काकांच्या हातात, आजच. दुकानदार पार्ट परत घेतो की नाही, ती तुझी डोकेदुखी. मागची रेघ नाचली, तर नवा राहू दे, आणि काकांना मी स्वतः जाऊन समजावतो की माझा विद्यार्थी बरोबर होता आणि मी चुकलो.

आणि यापुढे तुझ्या बिलावर पार्टाच्या नावाच्या आधी आकडे दिसले पाहिजेत. पुढचा सेन्सर किती ते किती, मागचा किती, प्रेशर किती, जोड तपासला की नाही. ज्या ओळीला आकडा नाही, त्या ओळीचे पैसे नाहीत.

नाही, चहा सांगू नकोस. गाडी वर घे.