पालक आणि पाल्य

शाळेच्या प्रवेश-अर्जावर सहीच्या जागी इंग्रजीत दोन शब्द शेजारीशेजारी छापलेले असतात : पेरेंट आणि गार्डियन. मराठीत दोहोंसाठी बहुधा 'पालक' हा एकच शब्द आपण वापरतो. आईबाप जन्माने होतात. गार्डियन मात्र नेमला जातो, किंवा प्रसंग पाहून आपण होऊन पुढे येतो. बहिणीचे पोरके मूल किंवा भावाची मुलगी वाढविणारी घरे आपल्या मंडळ्यांत थोडीथोडकी नाहीत. म्हणून या शब्दांचा अर्थ जरा खोलात जाऊन पाहणे उपयोगाचे होईल.

गार्डियन हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. त्याच मुळाचा अस्सल इंग्रजी शब्द म्हणजे वॉर्ड. लक्ष ठेवणे, पहारा करणे हा दोहोंचा मूळ अर्थ. इस्पितळातील वॉर्ड, बोर्डिंगचा वॉर्डन, फाटकावरचा गार्ड ही सारी एकाच कुळातील मंडळी होत. मौज अशी की, जुन्या इंग्रजीत जो शब्द राखणदाराला लावीत, तोच पुढे ज्याची राखण करावयाची त्या मुलाला लागू झाला. लॉर्ड या शब्दाने इंग्रजी बायबलात प्रभूला संबोधिले आहे. तो शब्दही 'भाकरीचा राखणदार' अशा अर्थाच्या जुन्या जोडशब्दापासून आलेला आहे. धनीपणाची खूण हुकूम नव्हे, तर घरातल्यांच्या भाकरीची काळजी, असे तो शब्द सांगतो.

परंतु शब्द चांगला असला म्हणजे व्यवहार चांगला होतोच असे नाही. इंग्लंडात सरंजामी पद्धतीत जमीनधारक मरण पावला आणि वारस अज्ञान असला, तर वरिष्ठ सरदार किंवा राजा त्या मुलाचा गार्डियन होई. तो जमिनीचे उत्पन्न घेई, मुलाचे लग्नही ठरवी. हा हक्क विकताही येत असे. प्रसंगी आईलाच स्वतःच्या मुलाचे पालकत्व पैसे मोजून घ्यावे लागे. १५४० साली आठव्या हेन्रीच्या राज्यात यासाठी 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स' हे खास न्यायालय स्थापन झाले. १६४६ मध्ये पार्लमेंटाने ते बंद केले आणि १६६० च्या कायद्याने ती पद्धतच संपली. कित्येक शतके नाव राखणीचे आणि काम मालकीचे, असा हा प्रकार चालला.

आपल्याकडील १८९० चा 'गार्डियन्स अँड वॉर्ड्स' कायदा याच्या उलट दिशेने बोलतो. गार्डियन नेमताना न्यायालयाने मुलाचे हित पाहावे. गार्डियनने आपल्या पदाचा स्वतःसाठी फायदा करून घेऊ नये. न्यायालयाने नेमलेल्या गार्डियनने पाल्याची स्थावर मिळकत परवानगीवाचून विकू नये. भारतातील ख्रिस्ती कुटुंबांचा या कायद्याशी जवळचा संबंध आला. दत्तकाचा कायदा १९५६ साली झाला तो हिंदूंसाठी. म्हणून अनाथ मूल घरी आणणारी बहुतेक ख्रिस्ती जोडपी कागदोपत्री केवळ गार्डियन राहिली. बाल न्याय कायदा २००० साली झाला, २००६ मध्ये तो दुरुस्त झाला आणि २०१५ मध्ये नवा कायदा आला. त्यांमुळे रीतसर दत्तकाची वाट सर्वांना मोकळी झाली.

तथापि कायदा घराच्या उंबरठ्यापर्यंतच येतो. आत काय बोलले जाते? "आम्ही नसतो तर तुझे काय झाले असते?" हे एक वाक्य राखणदाराला सावकार करून टाकते. मूल मग आश्रित होते, आणि आश्रिताने ऋणी राहावे अशी आपली अपेक्षा असते. येथे आपला मराठी शब्द अधिक न्यायी आहे. ज्याचे पालन केले पाहिजे तो पाल्य. शब्दाच्या घडणीतच कर्तव्य आहे, आणि ते मुलावर नसून पालकावर आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी एस्तेरची गोष्ट सांगताना मर्दखयाकडेही मुलांचे लक्ष वेधावे. आईबापांवेगळी चुलतबहीण त्याने वाढविली. ती राजवाड्यात गेल्यावर तिच्यावर त्याचा काहीच ताबा उरला नाही. तरी तो दररोज अंतःपुराच्या अंगणासमोर फिरून तिची खुशाली काढीत असे. ताबा सुटला, राखण सुटली नाही. पालकत्वाची खरी पारख येथेच होते.