हुकूम कोणाचा, सांगतो कोण

इंदूरच्या सियागंजात एका किराण्याच्या पेढीवर मी वह्या लिहितो. संध्याकाळी दुकान वाढवलं की विकिपीडियावरच्या इंदूरच्या मराठी नोंदी चाळतो, जमेल तिथे दुरुस्त करतो. सध्या गाडी एका वाक्यावर अडली आहे : १ जुलै १८५७ रोजी महाराज तुकोजीराव होळकरांच्या हुकमावरून इंग्रजांच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. एक जण हे लिहितो, दुसरा पुसून 'हुकमाविरुद्ध' करतो. आधार दोघेही देत नाहीत. गोणीवर मार्का नसेल तर माल कोणाच्याच खात्यावर जमा करायचा नाही, हे आमच्या बाजारात पोराटोरालाही कळतं.

रेसिडेन्सी इथून रूळ ओलांडून पलीकडे. त्या सकाळी तिच्यावर तोफा चालल्या त्या होळकरांच्याच, यात वाद नाही. होळकरांच्या पदरचा सादत खान महाराजांच्या हुकमाचं नाव घेत घोड्यावरून शिपायांना चिथावत होता, असं इंग्रजी हकिकती सांगतात. रेसिडेन्सीतला इंग्रज अधिकारी कर्नल ड्युरंड सिहोरकडे निघून गेला आणि पुढे महाराजांनाच दोष देत राहिला. महाराज तेव्हा अवघे बावीस वर्षांचे. वाड्यात आसऱ्याला आलेले ख्रिस्ती लोक त्यांनी बंडवाल्यांच्या हवाली केले नाहीत, हीही त्याच दिवसांतली गोष्ट. पुढे इतिहासकार जॉन के यांनी ड्युरंडवर टीका केली आणि १८७६ मध्ये ड्युरंडच्या मुलाने तिला उत्तर म्हणून पुस्तकच लिहिलं. हा मुलगा म्हणजे १८९३ च्या ड्युरंड रेषेवाला. बापाच्या अब्रूसाठी लिहिणाऱ्याचं म्हणणं टाकून द्यायचं नाही, पण तो कोणाचा मुलगा हे वाचकाला कळलंच पाहिजे.

कोणाचं म्हणणं कितपत धरायचं, याची कसोटी न्यायदर्शनात सापडते. तिथे शब्द हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन मानलं आहे, पण तो शब्द आप्ताचा हवा. वात्स्यायनाच्या भाष्यात आप्त म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू, असंही तो म्हणतो. मला हे फार मोठं वाटतं. शत्रूचा म्हणून शब्द खोटा नाही, आपला म्हणून खरा नाही.

आता हे ड्युरंडला लावून बघा. तोफा त्याने स्वतः पाहिल्या, तिथे त्याची साक्ष. हुकूम सुटला असेल तर तो वाड्यात, आणि हल्ल्याच्या वेळी ड्युरंड होता रेसिडेन्सीत. म्हणजे हुकमाबद्दल तो बोलतो ते अनुमान. एकाच माणसाच्या एकाच हकिकतीत दोन प्रमाणं मिसळली आहेत, आणि नोंदीत ती वेगळी करावी लागतात. सगळीकडे 'म्हणतात' पेरूनही चालणार नाही. तोफा चालल्या, एवढं ठामच लिहायचं.

'माझा प्रवास' लिहिणाऱ्या गोडसे भटजींचंही तसंच. त्या धामधुमीत ते महूकडून गेले, पण लिहिलं कितीतरी वर्षांनी. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये फेरफार करून छापलं, मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणलं. त्या पुस्तकाचा आधार देताना कोणती आवृत्ती, हे लिहायलाच हवं.

सादत खानाला १८७४ मध्ये रेसिडेन्सीतच फाशी झाली. त्या सकाळचं त्याचं म्हणणं आपल्यापर्यंत आलं ते फाशी देणाऱ्यांच्याच कागदांतून. नोंदीत त्याचं नाव घालताना हेही त्याच ओळीत यावं, असा माझा आग्रह आहे.