तारखांच्या गठ्ठ्यावरचा देव

नव्या वर्षाच्या तोंडावर किराणा दुकानदार किंवा सराफ आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना जो छापील पुठ्ठा भेट देतो, त्याच्या वरच्या भागात लक्ष्मी, गणपती किंवा विठ्ठल, त्याखाली दुकानाचे नाव व पत्ता आणि तळाशी तारखांचा गठ्ठा अशी रचना बहुधा आढळते. शिवकाशीसारख्या मुद्रणकेंद्रात चित्र आधीच छापलेले असते आणि नावापुरती कोरी ठेवलेली पट्टी स्थानिक छापखाना भरून देतो. त्यामुळे एकच लक्ष्मी एका गावात सराफाची, तर दुसऱ्या गावात खतविक्रेत्याची होते. अशा पुठ्ठ्यावर देव असतो की देवाचे केवळ चित्र, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

पुण्याची चित्रशाळा १८७८ मध्ये आणि राजा रविवर्मा यांचा मुंबईतील शिळाछाप छापखाना, जो पुढे लोणावळ्याजवळील मळवलीला हलला, १८९४ मध्ये सुरू झाला. अशा छापखान्यांमुळे देवतांची रंगीत चित्रे स्वस्त होऊन घरोघर पोहोचली आणि देवदर्शन देवळाच्या उंबरठ्यापुरते उरले नाही. व्यापाऱ्याने याच चित्रांखाली आपले नाव छापले, तेव्हा ‘देव विकला’ असा आक्षेप सहज घेता येतो. परंतु ज्या समाजात वहीपूजन होते आणि गल्ल्यावर ‘शुभ लाभ’ लिहिले जाते, तेथे तो फारसा टिकत नाही.

खरी अडचण प्रतिष्ठेची आहे. प्राणप्रतिष्ठा, म्हणजे मंत्रपूर्वक मूर्तीत देवतेचे आवाहन करण्याचा विधी, झाल्याखेरीज प्रतिमा पूज्य होत नाही, असे सामान्यतः मानले जाते, आणि छापखान्यातून निघालेल्या हजारो प्रतींवर तो कोणी करीत नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधातील सत्ताविसाव्या अध्यायात मात्र प्रतिमेचे आठ प्रकार सांगताना पाषाण, काष्ठ, धातू यांच्याबरोबर ‘लेख्या’, म्हणजे रेखाटलेली प्रतिमाही गणली आहे. अस्थिर प्रतिमेच्या बाबतीत आवाहन व विसर्जन वैकल्पिक ठरवले आहे, आणि लेप्य, म्हणजे लिंपून केलेल्या, व लेख्य प्रतिमांना स्नान न घालता नुसते पुसून घ्यावे, असे सांगितले आहे. कागद भिजतो, हे व्यावहारिक सत्य विधीनेच सामावून घेतलेले दिसते! व्यवहारही याच बाजूचा आहे: जिन्याच्या कोपऱ्यात कोणी थुंकू नये म्हणून देवांच्या चित्रांच्या फरश्या बसवल्या जातात, आणि त्यांवर कोणताही संस्कार झालेला नसतानाही त्यांचा धाक वाटतो. पाहणाऱ्याची ओळख येथे प्रतिष्ठेचे काम करते.

मग चित्र वगळून केवळ ‘श्री’ छापल्यास प्रश्न मिटेल काय? पूर्वमीमांसा, म्हणजे वेदातील यज्ञविधींच्या अर्थाचा विचार करणारे दर्शन, देवतेला शरीर मानत नाही. त्या परंपरेत देवता शब्दमय आहे, म्हणजे मंत्रात उच्चारलेले नाव हेच तिचे स्वरूप आहे. हा विचार स्वीकारला, तर चित्र निरुपद्रवी ठरते आणि अक्षरच जड होते. ‘श्री’ छापणारा सुटत नाही, उलट अधिक गुंततो. धर्मग्रंथाच्या नावावर मक्तेदारी सांगता येत नाही, हे कायद्यालाही मान्य आहे: उदबत्त्यांच्या एका वादात ‘रामायण’ हा शब्द एकट्याचे व्यापारचिन्ह होऊ शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. असे नाव दुकानाला वापरता येते, राखून ठेवता येत नाही.

तेव्हा दोष जाहिरातीत नसून तिच्या मुदतीत आहे. जाहिरातीचे आयुष्य ३१ डिसेंबरला संपते, पण त्याच पुठ्ठ्यावरची ओळख त्या दिवशी संपत नाही. म्हणून गठ्ठ्याचे शेवटचे पान फाडल्यावर घरातील माणूस पुठ्ठा कचऱ्यात टाकू धजत नाही, आणि तो पिंपळाच्या पारावर, देवळाच्या भिंतीशी किंवा नदीकाठी ठेवला जातो. आवाहन दुकानदाराच्या नावे झाले आणि विसर्जन गिऱ्हाइकाच्या माथी आले, ही वाटणी न्याय्य नाही. ज्याने देव छापून वाटला, त्याने नवा पुठ्ठा देताना जुना परत मागून घ्यावा.