औषध दारी आले, आपण?

क्षयरोग्याने औषध केंद्रावर जाऊन घ्यावे की ते त्याला घरपोच मिळावे, हा वरवर पाहता सोयीचा प्रश्न आहे. थोडे खोल पाहिले तर तो शेजारधर्माचा प्रश्न आहे.

पूर्वी रोग्याला आप्तांपासून दूर आरोग्यधामात ठेवीत. मदनपल्ली येथे मिशनांनी १९१५ साली असेच एक आरोग्यधाम उघडले. पुढे मद्रास येथे १९५६ साली एक अभ्यास सुरू झाला. दाटीच्या वस्तीत, अपुऱ्या अन्नावर राहणारे रोगीही घरी औषध घेऊन जवळजवळ तितकेच बरे होतात, असे त्याने १९५९ साली जगाला दाखवून दिले. मात्र त्या घरांत औषधाबरोबर आरोग्यसेविकांचे पाऊलही पडत होते.

२०२० च्या टाळेबंदीत अनेक ठिकाणी आरोग्यसेवकांनी ही औषधे रोग्यांच्या घरी नेऊन दिली. फोनवरून मागणी घेणाऱ्या औषधविक्रेत्यांशी भागीदारी करून हीच सेवा अधिक सुलभ करता येते. तीत रोजंदारी बुडत नाही, प्रवासखर्च वाचतो आणि रांगेत कोणी ओळखील ही धास्ती राहत नाही. जिचा विवाह ठरावयाचा आहे अशा मुलीला या गुप्ततेचे मोल विचारावे. हा लाभ लहान नव्हे.

तथापि साध्या क्षयाचा उपचारही बहुधा सहा महिने चालतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते आणि औषध सोडण्याचा मोह होतो. सोडल्यास रोग उलटण्याचा आणि जंतू औषधाला दाद न देण्याचा धोका असतो. औषधांमुळे कोणाला कावीळ होते, कोणाची दृष्टी मंदावते. पाकीट पोहोचल्याची नोंद संगणकात होते. ते उशाशी तसेच पडून राहिले, याची होत नाही.

भाषांतराच्या कामात दोन क्रियापदांतील अंतर मला नेहमी जाणवते. वस्तू ‘पोहोचवतात’, आजाऱ्याचा ‘समाचार घेतात’. पहिले काम मोबदला देऊन दुसऱ्यावर सोपवता येते, दुसरे येत नाही. रोग्याने स्वतः दार लावून घेतले तर तो त्याचा हक्क आहे. आपल्या भयामुळे ते बंद राहिले तर तो आपला दोष आहे. योग्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच संसर्गाची शक्यता पुष्कळ घटते. शेजाऱ्यांचे भय मात्र वर्षानुवर्षे टिकते.

म्हणून वाचकहो, घरपोच सेवेचे मनापासून स्वागत करावे, परंतु तिच्यावर विसंबून स्वस्थ बसू नये. रोग्याची संमती घेऊन त्याच्याकडे जावे, आजच्या गोळ्या घेतल्या का हे विचारावे, त्रास होत असल्यास डॉक्टरांकडे त्याच्याबरोबर जावे आणि जे कळेल ते आपल्यापाशीच ठेवावे. ज्याला गुपित राखता येते, त्यालाच असे दार उघडले जाते.