भांडी घासताना देव, कोड लिहिताना कोण?

अखंड प्रार्थना करा, असं लिहिणारा संत पौल स्वतः तंबू बनवून पोट भरायचा. म्हणजे सल्ला कामकरी माणसाचाच आहे. तरी मला तो बरीच वर्षं खटकत आलाय.

या सल्ल्यासाठी हमखास दिलं जाणारं उदाहरण म्हणजे ब्रदर लॉरेन्स. १७ व्या शतकातला फ्रेंच माणूस. आधी शिपाई, मग पॅरिसच्या कार्मेलाइट मठाच्या स्वयंपाकघरात. भांड्यांच्या खणखणाटातही त्याला देव चॅपलमधल्याइतकाच जवळ वाटायचा. १६९१ साली तो वारला, पण त्याची पत्रं आणि संभाषणं लोक आजही वाचतात.

भांडी घासताना हात गुंततात, डोकं मोकळं राहतं. माझं नेमकं उलट. बग शोधताना पाच-सहा फंक्शन्स एकाच वेळी डोक्यात धरून ठेवावी लागतात; तिथे समोरच्या चहाचीही आठवण राहत नाही. ‘प्रार्थना बॅकग्राउंडला चालू ठेवायची’ अशी उपमा आम्हा इंजिनिअर मंडळींना फार आवडते. पण बॅटरी उतरली की फोन आधी बॅकग्राउंडमधलीच अ‍ॅप्स बंद करतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

सिमोन वेलने १९४२ साली एका निबंधात वेगळी वाट दाखवली. मन लावून भूमितीचं गणित सोडवणं हीसुद्धा प्रार्थनेची तालीम, उत्तर आलं नाही तरी. मला हे पटलं असतं तर किती सोयीचं झालं असतं! पगारही आणि पुण्यही. पण लोकांना कर्जात अडकवणारं अ‍ॅप लिहिणाराही तितकाच तल्लीन असतो की. वेललाही हे कळत असावं, कारण एकाग्रतेसोबत ती देवाच्या ओढीबद्दलही बोलते. आणि ओढ काही कोडमधून आपोआप येत नाही.

म्हणून मला आंजेलसची घंटा जास्त जवळची वाटते. आमच्या वसईत चर्चची घंटा वाजली की वाडीत पाणी सोडणारा माणूस मिनिटभर थांबायचा, असं घरी ऐकलंय. सकाळ, दुपार, संध्याकाळ. ती प्रार्थनाही मरियेच्या चालू दिवसात अचानक आलेल्या दूताचीच आठवण. काम तुटतं, हो. घंटा त्यासाठीच तर आहे.

माझा फोन दुपारी बाराला थरथरतो. मीटिंग असेल तर मनातल्या मनात, कधी नुसताच एक श्वास. बहुतेक दिवशी काहीही जाणवत नाही, हेही सांगून टाकतो.

गेल्या आठवड्यात बारा वाजले तेव्हा समोर फेल झालेल्या पेमेंट्सची यादी होती. सकाळपासून मी त्यात एरर कोड मोजत होतो. मिनिटभराने परत पाहिलं तर एकाच खात्यावरून एकच रक्कम आठ वेळा पाठवायचा प्रयत्न झालेला, शेवटचा पहाटे चारला. पैसे भरायचे होते एका हॉस्पिटलला. बग अजून सापडला नव्हता. मी सपोर्टच्या मुलीला मेसेज केला, बाकीचं राहू दे, आधी यांना फोन लाव.